ताणलेला पट्टा

आमच्या फ्रीजरमध्ये सध्या मटार, खवलेलं खोबरं आणि एक शर्मन रणगाडा आहे. शेजारच्या काकू परवा बर्फ मागायला आल्या, त्यांनी स्वतःच दार उघडलं आणि दचकून बंद केलं. "अगं, हे काय?" म्हणाल्या. मी म्हटलं, "काही नाही, जुना गोंद सुटायला ठेवलाय." त्यांना ते कितपत कळलं देव जाणे, पण बर्फ घेऊन त्या लगबगीनं गेल्या.

तर मैत्रिणींनो, मी सध्या रणगाडे दुरुस्त करते. खरे नव्हेत, प्लॅस्टिकचे. लहान मुलं जी जोडायची मॉडेल्स करतात ना, सुटे भाग चौकटीतून तोडायचे, गोंदानं जोडायचे आणि रंगवायचे, ती. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी केलेली, मोडलेली, माळ्यावर पडून राहिलेली. ती पुन्हा उभी करायची, आणि जमलं तर पहिल्यापेक्षा चांगली करायची. यातलं "जमलं तर" म्हणजे काय भानगड आहे, ते पुढे सांगते.

मी तेहतीस वर्षं सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवली. निवृत्त झाले त्याच्या आधीच, २०१९ साली, हे गेले. मुलगा पुण्यात नोकरीला. घरात उरलो मी आणि माझे सासरे. त्यांना सगळे आबा म्हणतात. आबा आता ब्याऐंशीला आलेत. आमच्याकडे घराघरात फौजी, त्यात काही नवल नाही. पण आबा रणगाडा चालवायचे. दफेदार म्हणून निवृत्त झाले. पायदळात जो हवालदार, तो रिसाल्यात दफेदार. घोडे जाऊन रणगाडे आले तरी हुद्द्यांची नावं घोडदळाचीच राहिली. हे मला लग्नानंतर कळलं, आणि आबांच्या नोकरीबद्दल पुढची तीसेक वर्षं याहून फारसं काही कळलं नाही. ते बोलायचेच नाहीत.

ह्यांच्या पश्चात आमचं दोघांचं बोलणं म्हणजे "चहा ठेवू का", "गोळी घेतली का" एवढ्यावर आलं होतं. भांडण नव्हतं हो. पण दोघांच्या मधलं माणूस गेलं की उरलेल्या दोघांनी बोलायचं काय?

२०२४ च्या दिवाळीआधी माळा काढला तेव्हा एक हिरवी पत्र्याची ट्रंक खाली आली. आत जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेले अकरा रणगाडे. ह्यांचे शाळेतले उद्योग! ह्यांचे मामा बोटीवर नोकरीला होते. ते सिंगापूर, जपानकडून येताना भाच्यासाठी एखादं किट आणायचे. काही इंग्लंडच्या एअरफिक्स कंपनीचे, अगदी तळहातावर मावतील असे. ते खऱ्याच्या शहात्तराव्या हिश्श्याचे असतात. काही जपानच्या तामिया कंपनीचे, ते मोठे, पस्तिसाव्या हिश्श्याचे. म्हणजे खऱ्या गाडीचं धड साडेसहा मीटर असलं तर मॉडेल साधारण एकोणीस सेंटिमीटर भरतं.

पस्तीसच का, याची गोष्ट मोठी गमतीची आहे. तामियानं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पहिला रणगाडा काढला तो मोटरवर चालणारा होता. त्याच्या पोटात मोटर आणि बॅटऱ्या बसायला हव्यात, म्हणून जेवढा आकार लागला तेवढा केला, आणि तो निघाला पस्तिसावा हिस्सा. पुढे जगभरच्या कारखान्यांनी तेच माप धरलं. बॅटरीच्या डब्यावरून ठरलेलं माप! आपण नाही का, घरातल्या एका वाटीवरून सगळ्या पाककृती ठरवतो, तसंच.

ट्रंकेतल्या गाड्यांची अवस्था मात्र बघवत नव्हती. नळ्या मोडलेल्या, चाकं निखळलेली. एका जर्मन पँथरची चाकं चक्क वितळल्यासारखी झालेली. मला वाटलं माळ्यावरच्या उन्हानं असेल. मुलानं शोधून सांगितलं, की रणगाड्याचा तो गोल फिरणारा पट्टा रबरासारख्या मऊ प्लॅस्टिकचा असतो. तो मऊ राहावा म्हणून त्यात जे द्रव्य घालतात ते वर्षानुवर्षं हळूहळू पाझरतं आणि ज्याला टेकलेलं असतं त्या कडक प्लॅस्टिकला खातं. मग पट्टा स्वतः वाळून कडक होतो, आणि चाक मऊ पडतं.

सुरुवात केली ती नुसती पुसायला म्हणून. मग एक नळी चिकटवली. मग दुसरी. महिन्याभरात जेवणाचं टेबल गेलं.

या कामात काय लागतं म्हणाल, तर बरंचसं आपल्या घरातच असतं. जुना रंग काढायला डेटॉल. पाणी न घालता, नुसतं. त्यात गाडी एक दिवस बुडवून ठेवायची, हातमोजे घालायचे आणि जुन्या टूथब्रशनं घासायचं. रंग पूर्ण निघेपर्यंत पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, नाहीतर त्याचा डांबरासारखा चिकटा होतो. मी पहिल्याच गाडीला नळाखाली धरलं आणि दोन दिवस तो चिकटा खरवडत बसले. चुकीच्या जागी चिकटवलेला भाग सोडवायचा तर रात्रभर फ्रीजरमध्ये. थंडीनं जुना गोंद ठिसूळ होतो, आणि जिथे तो नीट धरलेला नसतो तिथे हलकेच पीळ दिला की सांधा टक्कन सुटतो. चिन्हांचे कागदी ठसे पिवळे पडले असतील तर खिडकीच्या काचेला आतून चिकटवून ठेवायचे, काही दिवसांच्या उन्हानं पिवळेपणा उतरतो. आपण हळदीचा डाग पडलेला नॅपकिन उन्हात टाकतो तसंच की हे!

हे झालं पूर्ववत करणं. सुधारणं ही त्यापुढची पायरी. जुन्या किटमध्ये बऱ्याच गोष्टी सोयीसाठी सोडून दिलेल्या असतात. तोफेच्या नळीचं तोंड भरीव असतं, ते बारीक हातड्रिलनं कोरायचं. पकडायच्या कड्या नुसत्या उठावानं दाखवलेल्या असतात, त्या तासून काढायच्या आणि टेलिफोनच्या जुन्या वायरीतली तांब्याची तार वाकवून बसवायची. त्या पँथरच्या पोटाला मोटरच्या स्विचची भोकं होती, ती पातळ प्लॅस्टिक आणि लांबी लावून बुजवली. एरियल करायला किटच्या चौकटीची काडी निरांजनाच्या ज्योतीवर धरायची, मऊ पडली की दोन्ही हातांनी ओढायची. केसासारखी तार निघते. (देवघरातल्या निरांजनावर नाही केलं. वेगळं ठेवलंय. काकूंनी हेही विचारलं होतं.) ताडपत्रीला टिश्यू पेपर आणि पाणी घातलेला फेव्हिकॉल. धुळीला गेरू, वस्त्रगाळ केलेला. धुराला काजळ.

खरं सांगू का, ज्या बाईनं आयुष्यभर रांगोळीची बारीक रेघ ओढली, पापडाची लाटी एकसारखी केली, साडीला फॉल लावला, तिला हे जड नाही. हे पुरुषांचं म्हणून का राहिलं, मला कळत नाही. बहुधा खोक्यावर रणगाडा असतो म्हणून.

मुलगा सुट्टीला आला की मदत करायचा, लागेल ते पुण्याहून मागवून द्यायचा. त्याचा सगळा कल सुधारण्याकडे. इंटरनेटवर फोटो बघायचा आणि म्हणायचा, "आई, हा बोल्ट इथे नसतो." दहा गाड्यांपर्यंत मी त्याचं ऐकलं. अकराव्यापाशी अडलो.

अकरावी गाडी म्हणजे तामियाचा टी-६२, रशियन. ह्यांनी तेरा वर्षांचे असताना केलेला, १९७९ साली. त्याची हकीकत ह्यांनी मला लग्नानंतर हसत हसत सांगितली होती, पण ती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती हे मला तेव्हाही कळलं होतं. आबा तेव्हा टी-५५ वर होते. टी-६२ दिसायला त्याच्यासारखाच. मामांनी तो आणला तेव्हा ह्यांना वाटलं, हा आपल्या बाबांचाच रणगाडा! महिनाभर खपून त्यांनी तो जोडला. रंग कुठला आणणार? घराच्या खिडक्यांना लावून उरलेला हिरवा ऑइलपेंट होता, तो फासला. आबा वार्षिक सुटीवर आल्यावर त्यांच्या हातात दिला. आबांनी इकडून तिकडून पाहिला आणि म्हणाले, "हा आपला न्हाई." मग पट्ट्यावर बोट ठेवून म्हणाले, "आणि पट्टा असा ताणलेला नसतो." दिला परत.

रात्री ह्यांनी पट्टा सैल करायला म्हणून ओढला, तो तुटला. गाडी ट्रंकेत गेली. त्यानंतर ह्यांनी एकही किट केलं नाही. मामांनी आणलेली पुढची दोन किटं मित्रांना देऊन टाकली.

मुलगा म्हणाला, "सोपं आहे. आपण याचा टी-५५ करू." फरक आहेत, पण करता येतात. दोन्ही गाड्यांना प्रत्येक बाजूला पाच-पाच चाकं. टी-५५ मध्ये पहिल्या आणि दुसऱ्या चाकात जास्त अंतर असतं, बाकीची जवळजवळ. टी-६२ मध्ये उलट, पुढची तीन जवळ आणि मागच्यांत मोकळी जागा. टी-५५ च्या नळीवरचा फुगवटा अगदी टोकाशी असतो, टी-६२ चा जरा मागे. चाकांचे आस कापून सरकवायचे, नळी नवी, रंग नवा. "बाबांची चूक दुरुस्त होईल," तो म्हणाला.

मला पटेना. का ते सांगताही येईना. ही चूक मी दुरुस्त केली तर ह्यांनी केलेलं काय राहील त्यात? खिडकीचा रंग डेटॉलमध्ये जाणार, चाकं कापली जाणार. माझ्या हातात एक बरोबर टी-५५ राहील, पण तो तर बाजारातही मिळतो. तामियानंच पुढे २००२ साली काढला. दुसरीकडे मोडका आहे तसा ठेवणंही जिवावर येत होतं. तुटलेला पट्टा तसाच लोंबकळत? पंचेचाळीस वर्षं तो तसाच होता.

शेवटी म्हटलं, निदान पट्टा तरी नीट करू. पण नीट म्हणजे कसा? "असा नसतो" हे माहीत होतं, कसा असतो ते नव्हतं. आणि हे सांगू शकेल असं माणूस पलीकडच्या खोलीत रेडिओ लावून बसलेलं.

गाडी घेऊन गेले. "आबा, हा पट्टा कसा असतो हो?"

आबांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. "ह्यो कुणाचा?"

"ह्यांनी केलेला. लहानपणी. तुम्हाला दाखवला होता म्हणे."

"मला?" त्यांना आठवेना. मी सगळं सांगितलं, शब्दाला शब्द. त्यांना खरंच काही आठवत नव्हतं. "मी असं म्हणलो?" दोनदा विचारलं. मला वाटलं, उगाच सांगितलं. म्हाताऱ्या माणसाला या वयात कशाला?

मग ते बोलायला लागले. १९७१ च्या डिसेंबरमध्ये आबा छांबला होते. लोंगेवाला, बसंतर ही नावं आपल्याला माहीत असतात. त्यांच्यावर कार्यक्रम होतात. छांबचं नाव कुणी काढत नाही, कारण तिथे आपल्याला मुनव्वर तवी नदीच्या अलीकडे यावं लागलं. युद्ध आपण जिंकलो, बांगलादेश झाला, पण छांब गेलं ते सिमला करारानंतरही तिकडेच राहिलं. "गावाकडं आल्यावर सगळे म्हणायचे, जिंकून आले," आबा म्हणाले. "मी काय सांगनार?"

आणि मग म्हणाले, समोरून येणाऱ्या गाड्याही तशाच होत्या. पाकिस्तानकडे चिनी टाइप-५९, म्हणजे रशियाच्या टी-५४ चीच नक्कल. आपल्याकडे टी-५४, टी-५५. धुळीत, पहाटेच्या धुक्यात आपली कोणती आणि त्यांची कोणती कळायचं नाही. म्हणून आपल्या गाड्यांच्या नळीवर मधोमध एक खोटा डबा बसवला होता, पत्र्याचा, नुसता ओळखायला. "डबा दिसला की आपला. न्हाई दिसला, की..." ते थांबले. "कुठलीबी गाडी दिसली की पयली चाकं बघायची, मग नळी. आपला का परका. ती सवयच लागली. पोरानं हातात दिला तवा तेच बघितलं असंल मी."

मी काहीच बोलले नाही. त्यांनी गाडी उलटी केली, चाकं बोटानं फिरवून पाहिली. "लई बारीक काम केलंय की," म्हणाले.

पट्ट्याचं त्यांनी मला हाताच्या दोन बोटांवर नाडी टाकून दाखवलं. या गाड्यांना वरच्या बाजूनं पट्टा उचलून धरायला वेगळ्या लहान चाक्या नसतात. त्यामुळे तो पुढच्या चाकावरून निघतो आणि मधल्या मोठ्या चाकांच्या डोक्यावर पडत पडत मागे दात्यांच्या चाकाकडे जातो. "वाळत घातलेल्या लुगड्यागत," आबा म्हणाले. लोखंडाचा तो, जडच असणार. फार ताणला तर पिना झिजतात आणि तुटतो. फार सैल सोडला तर वळताना चाकावरून उतरतो आणि गाडी जागच्या जागी अडकते. "मग खाली उतरून घालावा लागतो. वर गोळीबार चालू असला तरी." किती सैल हे चालवणाऱ्यानं बघायचं. म्हणजे आबांनी.

त्यानंतर मी आबांना घेऊन अहिल्यानगरला गेले. तेव्हाचं नगर. तिथे रिसाल्याचं प्रशिक्षण केंद्र आहे, आबा १९६२ साली तिथेच शिकले. आणि १९९४ साली सुरू झालेलं रणगाड्यांचं संग्रहालयही आहे. चर्चिल, सेंच्युरियन, पॅटन, ओळीनं उभे. मी बुरुजांचे पृष्ठभाग बघत होते. ओतीव लोखंडाचा पत्रा भाकरीच्या पाठीसारखा खरखरीत असतो, आणि मॉडेलमध्ये तो गुळगुळीत येतो. (घरी आल्यावर पातळ गोंदानं ओला करून, कडक ब्रशनं टोचून तसा केला. झकास जमलं.) आबा मात्र गाड्यांची तोंडं बघतच नव्हते. प्रत्येक गाडीपाशी खाली वाकून पट्टे बघत होते. एका ठिकाणी म्हणाले, "ह्यो लई ताणलाय." तिथल्या जवानानं ऐकलं, कडक सलाम केला आणि आबांना बसायला खुर्ची आणून दिली.

ह्यांच्या गाडीचं असं केलं. चाकं जिथे होती तिथेच ठेवली. मुलगा नाराज झाला, पण गप्प बसला. रंग काढला नाही, नुसता साबणाच्या पाण्यानं धुतला. जिथे टवके गेले होते तिथे तोच रंग हवा होता. आमच्या मागच्या खिडकीवर नंतर दोन-तीन रंग चढलेत. एक कोपरा ब्लेडनं खरवडला तर खाली तो हिरवा सापडला. त्यावर बघून रंग मिसळला. तेहतीस वर्षं मुलांना रंग मिसळायला शिकवलं, पण एवढा वेळ कधी लागला नव्हता. बुरुजाच्या छतावर गोंदात उमटलेला अंगठा आहे. तासला नाही.

पट्टा कोमट पाण्यात ठेवून मऊ केला. हे जुनं मऊ प्लॅस्टिक गोंदानं धड जुळत नाही, म्हणून तुटलेली टोकं आतून सुई-दोऱ्यानं शिवली, काळ्या दोऱ्यानं, बारीक टाका. शिवण खालच्या बाजूला, जमिनीकडे घेतली. मग वरून पट्ट्याखाली चाकांच्या डोक्यावर फेव्हिक्विकचा एकेक थेंब, आणि पट्टा वर उचलू नये म्हणून वरच्या पत्र्याखाली कापसाचे बोळे ठासून भरले. रात्रभर तसंच. सकाळी आबांच्या समोर एकेक बोळा काढला. पुढच्या चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत छान झोळ पडला होता.

आबा म्हणाले, "डावीकडचा इवलासा जास्त झालाय. चालंल."

गाडी आता ह्यांच्या फोटोखालच्या फळीवर आहे. ज्यांना कळतं ते बघून म्हणतात, वहिनी, रंग चुकलाय.

मध्यंतरी मुलानं टी-५५ चं नवीन किट पाठवलं. त्यातला डबा काही किटमध्ये नसतो, तो आपणच करायचा. मी जुन्या बॉलपेनचं टोपण कापून नळीवर चढवून पाहिलं. आबा रोज दुपारी चहा झाला की टेबलाशी येऊन बसतात, सुटे भाग मोजतात, एखादा खाली पडला तर मला ओरडतात. काल मी टोपणाला गोंद लावणार तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला.

"थांब. लई म्होरं घेतलंस. अजून जरा मागं."